एमएसडब्ल्यूला भेटा

पुण्यातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी सहा वर्षं बिलिंगला होते. काउंटर नंबर तीन. रुग्णालयात ‘एमएसडब्ल्यू’ हे पदवीचं नाव नसतं, ते माणसाचं नाव असतं. ‘एमएसडब्ल्यू आल्या का?’, ‘एमएसडब्ल्यूची सही घेऊन या’, ‘बिल कमी होणार नाही, फार तर एमएसडब्ल्यूला भेटा.’ हे शेवटचं वाक्य मी दिवसातून दहा-बारा वेळा म्हणायचे. ती दोन वर्षांची पदवी आहे, मास्टर ऑफ सोशल वर्क, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला ती करता येते, हे मला नोकरीला लागून वर्ष उलटल्यावर कळलं. सांगितलं खुद्द आमच्या एमएसडब्ल्यू मॅडमनीच. त्यांची खोली तळमजल्याच्या मागच्या टोकाला, लॅबच्या पलीकडे होती. पेशंटचे नातेवाईक दोनदा रस्ता चुकून मग तिथे पोचायचे.

मी करमाळा तालुक्यातली. मराठी माध्यम, बी.कॉम., सोलापूर विद्यापीठ. लग्न होऊन पुण्यात आले. २०१७ च्या दिवाळीनंतर मी घरात सांगितलं की मला एमएसडब्ल्यू करायचंय. सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “समाजसेवा करायला शिकावं लागतं का गं? आमच्या आईनं दुष्काळात अख्ख्या वाड्याला जेवू घातलं, तिला कुणी डिग्री विचारली नाही.” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नवऱ्याचा प्रश्न साधा होता, दोन वर्षं एक पगार बंद, हप्ता कसा भरायचा? त्यावर मात्र आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि तीन रविवार हिशेब केला.

त्या वर्षी मी दोन ठिकाणी अर्ज केले. एक टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’. दुसरं पुण्यातलंच एक महाविद्यालय.

टिसचा अर्ज भरण्याआधी मी त्या संस्थेबद्दल वाचलं. १९३६ साली मुंबईत भायखळ्याजवळ नागपाड्यात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ या नावानं ती सुरू झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ड हे अमेरिकन मिशनरी तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या वस्तीत ते आधीपासून ‘नेबरहूड हाउस’ चालवत होते, आणि वस्तीत काम करायचं तर नुसता कळवळा पुरत नाही, माणसं तयार करावी लागतात, हे त्यांना तिथेच उमगलं होतं. पुढे १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. स्वातंत्र्याच्या आधी एका सरकारी रुग्णालयाला जे पटलं होतं, ते आमच्याकडे लॅबच्या मागच्या खोलीत होतं. सासूबाईंना द्यायचं उत्तरही मला तिथे सापडलं. त्यांच्या आईनं वाड्याला जेवू घातलं हे मोठंच काम. पण रेशन दुकानात आलेलं धान्य वाड्याला का मिळालं नाही, हे शोधून ते मिळवून देणं हे दुसरं काम आहे, आणि ते शिकावं लागतं.

कागदपत्रांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण लग्नानंतर शिकायला निघालेल्या प्रत्येक बाईला यातून जावं लागतं. दहावीपासून पदवीपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावानं. आधार, पॅन, बँक सासरच्या नावानं. अर्जात एकच नाव भरायचं, आणि कुठलंही भरलं तरी निम्मे कागद खोटे ठरायचे. विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तर खिडकीवरच्या बाईंनी प्रतिज्ञापत्रही मागितलं. पदवीनंतर सात वर्षं शिक्षण बंद होतं, म्हणून ‘गॅप’चं वेगळं प्रतिज्ञापत्र. विद्यापीठ बदलत होतं, म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र. त्यासाठी एसटीनं सोलापूर, तिथून केगावला विद्यापीठात, आणि शिक्का मारणारे साहेब जेवायला गेलेले म्हणून दुसरी खेप. नोकरीतल्या चार रजा यात संपल्या. गॅपच्या प्रतिज्ञापत्रात एक ठरावीक वाक्य असतं, की मधल्या काळात मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही. नोटरीच्या टेबलाशी उभी राहून मी ते तीनदा वाचलं. शिक्षण घेतलं नव्हतं हे खरं होतं. पण त्या सात वर्षांत मी काय पाहिलं, त्याला त्या कागदावर जागा नव्हती.

टिसची प्रवेश परीक्षा जानेवारीत झाली. संगणकावर, शंभर मिनिटांत शंभर प्रश्न. चाळीस सामान्यज्ञानाचे, तीस इंग्रजीचे, तीस गणित आणि तर्काचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत. पण पेपर सगळा इंग्रजीत. काउंटरवर आकडेमोड करून माझं गणित पक्कं होतं, सामान्यज्ञानासाठी वर्षभर पेपर वाचून काढला होता. इंग्रजी उताऱ्यांपाशी अडकले. एकेक उतारा दोनदा वाचून कळायचा आणि घड्याळ पुढे जायचं. निकाल लागला, मुलाखतीच्या यादीत नाव नव्हतं. मला आजही वाटतं की ज्या माणसाला करमाळ्याच्या बाईशी तिच्या भाषेत बोलायचंय, त्याची पहिली चाळणी फक्त इंग्रजीतून लावू नये. वाचायला इंग्रजी लागतं, हे मान्य. ते दोन वर्षांत शिकता येतं, आणि मी शिकले.

पुण्यातल्या महाविद्यालयात मुलाखतीपर्यंत पोचले. तिथे अर्जासोबत एक पानभर लिहून द्यायचं होतं, समाजकार्याचं शिक्षण तुम्हाला का घ्यायचं आहे? मी लिहिलं होतं, ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे. गोरगरिबांचे अश्रू पुसण्यासाठी मला माझे आयुष्य वेचायचे आहे.’ पुढेही असंच. मुलाखतीत समोर तिघं होते. मधल्या बाईंनी ते पान हातात धरून विचारलं, “आवड आहे म्हणजे तुम्ही काय करता?” मी म्हणाले, रुग्णालयात नोकरी करते. “तिथे काय करता?” मी म्हणाले, बिलिंग. त्यांनी वाट पाहिली. मला पुढे काही बोलता आलं नाही. प्रतीक्षा यादीत माझं नाव फार खाली लागलं आणि त्या वर्षी यादी तिथपर्यंत पोचली नाही.

आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते पान घेऊन एमएसडब्ल्यू मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि पान माझ्याकडे सरकवलं.

“अगं, यात तू कुठे आहेस?”

मी गप्प.

“इतकी वर्षं काउंटरला आहेस. एक पेशंट सांग, जो तुझ्या डोक्यातून जात नाही.”

मला शोधावं लागलं नाही. २०१६ चा पावसाळा. इंदापूरकडचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. बायकोच्या पोटात गाठ, ऑपरेशन सांगितलं होतं. वीस हजार डिपॉझिट. त्यांच्याकडे सात होते. “ताई, काही सवलत हाय का?” मी म्हणाले, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून पुढे केलं. पिवळं. मी ते बघितलं आणि परत दिलं. म्हणाले, हे नाही, दाखला लागेल. मागे रांग होती. त्यांनी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि ते गेले. परत आले नाहीत.

मॅडम काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला धर्मादाय रुग्णालयांची योजना पहिल्यांदा नीट समजावून सांगितली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ कक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून त्याखाली योजना लागू आहे. धर्मादाय रुग्णालयानं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. बिलांच्या रकमेतले दोन टक्के ‘आयपीएफ’ म्हणून, म्हणजे निर्धन रुग्णांच्या निधीसाठी, बाजूला काढायचे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून उपचार सुरू करायचे. आणि आर्थिक स्थितीची खातरजमा करायची ती वैद्यकीय समाजसेवकानं, तहसीलदाराच्या दाखल्यावरून किंवा रेशनकार्डावरून.

किंवा रेशनकार्डावरून. म्हणजे ते कार्ड पुरेसं होतं. केस उघडायला तेवढ्यानं भागलं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं, एमएसडब्ल्यूला भेटा. दिवसातून दहा-बारा वेळा म्हणायचे ते वाक्य त्या दिवशी, त्या माणसाला मी म्हटलं नाही.

मी रडले. मॅडमनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तुला ही योजना कुणी शिकवली होती? नोकरीला लागलीस तेव्हा कुणी समोर बसवून सांगितलं?” कुणीच नव्हतं सांगितलं. प्रशिक्षण दोन दिवसांचं, त्यात सॉफ्टवेअर आणि कॅशची मोजणी. योजनेचा बोर्ड होता, पण खांबाच्या आडच्या बाजूला. “मग हे लिही,” मॅडम म्हणाल्या. “तुझं चुकलं ते लिही आणि तुला कुणी शिकवलं नाही तेही लिही. दोन्ही.”

पुढचं वर्ष मी वेगळ्या तऱ्हेनं काढलं. शनिवारी दुपारी ड्युटी संपली की मॅडमच्या खोलीत तासभर बसायचे, त्यांच्या केस फाइली लावून द्यायचे. त्यांचं काम बाहेरून दिसतं त्याहून फार वेगळं होतं. बिल कमी करणं त्यातला एक तुकडा. डायलिसिस सुरू झालेल्या रिक्षावाल्याच्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून शाळेशी बोलणं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारी केस ओळखून आरोग्यमित्राकडे पाठवणं, ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या म्हातारीशी तीन दिवस थोडं थोडं बोलत राहणं आणि शेवटी तिला भीती ऑपरेशनची नाही, घरी एकट्या राहणाऱ्या नवऱ्याची काळजी आहे, हे काढून घेणं. एकदा मी म्हणाले, मॅडम, तुम्हाला फार दया येत असेल. त्या म्हणाल्या, “येते. पण दयेनं फाइल पुढे सरकत नाही.”

२०१९ चा अर्ज मी तीन वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यात इंदापूरचे गृहस्थ पानभर होते आणि मी दोन ओळी. मॅडमनी तो परत केला. म्हणाल्या, त्यांचं दुःख वापरून जागा मिळवू नकोस. दुसऱ्या खर्ड्यात मी स्वतःलाच इतकं झोडपलं होतं की तोही परत आला. तिसऱ्यात मी काउंटरवरची एक केस कशी चालते ते लिहिलं. कागद कुठून येतो, कुणाकडे जातो, कुठे अडतो, अडल्यावर नातेवाइकाला कोण काय सांगतं. त्या साखळीत मी कुठे होते आणि माझ्याकडून काय राहिलं. आणि मला आता काय शिकायचंय. व्यक्तिसहाय्य कार्य, म्हणजे केसवर्क, हे नीट पद्धतीनं शिकायचंय, कारण समोरच्या माणसाला तीन मिनिटांत काय विचारायचं हे मला येत नाही. विशेषण एकही नव्हतं.

मुलाखत दुसऱ्या एका महाविद्यालयात होती. एका सरांनी विचारलं, “मग त्या प्रसंगात दोष कुणाचा?” मी अडखळले. म्हणाले, माझा होताच, कार्ड माझ्या हातात होतं. पण मला काढून टाकलं असतं आणि माझ्या जागी दुसरी मुलगी बसली असती, तरी तिनंही तेच केलं असतं. सर म्हणाले, “बसा निवांत, आता बोलू.” पुढची वीस मिनिटं आम्ही खांबाआडच्या बोर्डाबद्दल, रांगेबद्दल आणि पिवळ्या कार्डाबद्दल बोललो. यादीत माझं नाव सातवं होतं.

अभ्यासक्रमाचं इथे थोडक्यातच सांगते. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्य, प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल, त्यावर मार्गदर्शकांच्या लाल शेऱ्यांची गर्दी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उरलेलं क्षेत्रकार्य आम्ही फोनवरून केलं. २०२१ मध्ये पदवी मिळाली. सासूबाईंनी पेढे वाटले आणि शेजारणीला सांगितलं, “आमची सून आता दवाखान्यातली एमएसडब्ल्यू आहे.” नाव त्यांनी बरोबर घेतलं.

आज मी दुसऱ्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आहे. इथेही एमएसडब्ल्यूची खोली मागच्या बाजूलाच होती. ती पुढे आणावी म्हणून मी वर्षभर अर्ज करत राहिले. या अर्जांसोबत प्रतिज्ञापत्र लागत नव्हतं, चिकाटी लागत होती. आता माझं टेबल बिलिंगच्या शेजारी आहे, मध्ये फक्त एक काच. नवीन मुलगी काउंटरला लागली की तिला पहिल्या दिवशी माझ्याकडे अर्धा तास बसवतात.

या वर्षी जे कुणी समाजकार्याच्या पदवीसाठी अर्ज भरत असतील, त्यांनी ‘का’ या रकान्यात आपण प्रत्यक्ष पाहिलेलं एक काम, त्यातली आपली जागा धरून, लिहावं. आणि धर्मादाय रुग्णालयं चालवणाऱ्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्याकडची ती मागची खोली पुढे आणा, डिपॉझिटच्या खिडकीला लागून.