वेल्फेअर साहेबांची सही

‘नमक हराम’ मी साहेबांबरोबर पाहिला, मॅटिनीला. सिनेमा 1973चा, आम्ही पाहिला तेव्हा जुना झालेला. मध्यंतरात वडा खाता खाता साहेब म्हणाले, “एवढी मोठी मिल, पण वेल्फेअर ऑफिसर कुठं दिसला का रे तुला?”

मला हसू फुटलं, कारण ते स्वतःच वेल्फेअर ऑफिसर, माझे वडील कामाला होते त्या गिरणीत. 500 कामगार असले की असा माणूस ठेवायलाच लागायचा, 1948च्या कारखाना कायद्यानं. दर जूनला ते कामगारांच्या पोरांना वह्या वाटायचे. तिथंच माझं अक्षर त्यांच्या नजरेत भरलं आणि दादरच्या त्यांच्या घरी माझं टायपिंग सुरू झालं. फी विचारायची सोय नव्हती, ओरडायचे.

पडद्यावर मालकाचा मुलगा अमिताभ युनियनच्या पुढाऱ्याशी स्वतः भांडतो, माफीही स्वतःच मागतो, जिवलग मित्राला कामगार म्हणून आत घुसवतो. साहेबांना ते पटेना. “मालक भांडत नाही रे. मालक कागद काढायला सांगतो. खाली सही माझी.”

मला वाटलं, असंच बोलतायत.

18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणूस घरी बसला. वडील साचेखात्यातले, पावसाळ्यात लावणीला गावी गेले आणि मागे रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. आत इंग्रजी कागद. मला इंग्रजी अक्षरं झरझर टाइप करता यायची, अर्थ लावताना मात्र घाम फुटायचा. अडलं की साहेबांकडे जायचं, ही सवय. गेलो.

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. बेकायदा संप. विनापरवाना गैरहजेरी. सेवेतून का काढू नये, याचा 7 दिवसांत खुलासा करावा. शेवटी सही आली, तीही त्यांनी वाचली, हुद्द्यासकट. आतल्या खोलीत काकू ताटं घेत होत्या, तो आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग म्हणाले, “मशीनवर बस.”

स्वतःच्या नोटिशीचं उत्तर ते येरझाऱ्या घालत सांगत गेले आणि मी बडवत गेलो. वडिलांची 22 वर्षांची नोकरी, एकही मेमो नाही, हे सगळं त्यांना फाइल न बघता पाठ. मी कार्बन लावायला विसरलो होतो. त्यांनी पुरा झालेला कागद फाडला. “प्रत नसेल तर उत्तर दिलंच नाही असं समज. पुन्हा घाल.” ती रात्र संपायच्या आत मी सहीसाठी एसटीत होतो.

वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. पण पुढे हिशेब निघाला तेव्हा ती प्रत पुढे करता आली आणि ग्रॅच्युइटी सुटली. त्याच टायपिंगवर मला बँकेत नोकरी लागली. काही वर्षांनी गिरणी बंद झाली आणि साहेबांनाही कागद आला. त्यावर दुसऱ्या कुणाची सही.

सिनेमावाले कागदावर सही करणाऱ्या या माणसाच्या वाटेला फारसे जात नाहीत. ‘काला पत्थर’मध्ये सगळं पाप एकट्या खाणमालकाच्या पदरात, प्रेम चोप्रा दिसला की प्रेक्षकांचं काम सोपं. 2006च्या ‘कॉर्पोरेट’मध्ये शीतपेयात कीटकनाशक सापडतं आणि कंपनीचा दोष बिपाशा बासूच्या माथी येतो. तिच्यात मला साहेब थोडे दिसले. पण तिथंही प्रेमप्रकरण आहेच. साहेबांच्या सहीमागं पगार होता आणि दोन मुलींची लग्नं. त्यावर कोण तिकीट काढणार!

वडील त्यांना शेवटपर्यंत ‘नोटीसवाला’च म्हणत. बिस्किटांच्या डब्यात त्यांनी नोटीस आणि उत्तराची प्रत एकत्र जपली होती. कुणी पाहुणा आला की प्रत काढून दाखवायचे. “बघा, आमच्या युनियनच्या माणसानं काय चोख लिहिलंय. त्या नोटीसवाल्याची बोलतीच बंद.”

मी मान हलवायचो.