वाढपी

मराठी विकिपीडियावर मी पहिल्यांदा लिहिलं ते येरळेबद्दल. खटाव तालुक्यातून निघून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी ही नदी माझ्या लहानपणाची. खातं उघडलं तेव्हा चर्चापानावर स्वागताचा संदेश आला. छान वाटलं; पण तो प्रत्येक नव्या माणसाला जातो.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मी लिहिलेलं ‘मीळते’ कुणीतरी ‘मिळते’ केलं होतं. पानाच्या ‘इतिहासा’त तेवढीच नोंद. लेखाच्या चर्चापानावर एक प्रश्नही होता: ‘उगमाच्या माहितीला संदर्भ देता येईल का?’ कुण्या अनोळखी माणसानं माझं वाक्य अक्षर न् अक्षर वाचलं होतं! त्या शनिवारी मी ग्रंथालयात जाऊन जिल्हा गॅझेटियर काढून घेतलं.

लग्नघरात पाहुण्याला पानावर बसवतात, आग्रह करतात. पण ‘अरे, जरा तूप घे वाढायला’ असं म्हणून कुणी हातात भांडं दिलं, की त्या घरात आपण कुणीतरी असतो. मला त्या प्रश्नानं भांडं दिलं.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात गप्पांच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात आणि सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’. हा दुसरा शब्द ज्यानं निवडला त्याचे मला मनापासून आभार मानायचे आहेत. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, चुकलं तर तळहात फिरवायचा. चूक पुसता येईल अशी जागा मिळाली की लाजरा माणूसही लिहू लागतो. मी कितीतरी ठिकाणं सोडली ती तिथं एकदा चुकल्यावर पुन्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही म्हणून.

आणि लाल दुवे! ज्या विषयावर अजून पान नाही त्याचं नाव लाल दिसतं. रात्री जेवणं आटोपली की मी एखादा लाल दुवा धरून बसते. तिथं कुणी माझी वाट बघत नसतं, तरी ती जागा माझ्यासाठी राखलेली वाटते.

परवा एका नव्या सदस्यानं आपल्या गावच्या तळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मी त्यातला ‘दक्षीण’ ‘दक्षिण’ केला आणि चर्चापानावर विचारलं, ‘तळ्याला पाणी कुठून येतं?’ तासाभरात उत्तर आलं: ‘उद्या सकाळी जाऊन बघतो. फोटोही काढतो.’