शिळं पाणी

‘कॅश’ म्हटलं की मराठी माणसाला आधी रोकड आठवते. संगणकातला कॅश वेगळा. तो शब्द फ्रेंचमधल्या ‘लपवून ठेवणे’ या क्रियापदातून आला आहे. मी काय काम करते हे आईला सांगताना मात्र दोन्ही अर्थ कामी आले नाहीत. कामी आला तो स्वयंपाकघरातला माठ. विहीर लांब असते, म्हणून पाणी भरून माठात ठेवायचं, तहान लागली की माठातलं प्यायचं आणि सकाळी उरलेलं शिळं म्हणून झाडांना घालायचं. आई म्हणाली, “यासाठी इंजिनिअरिंग कशाला करावं लागतं गं?”

प्रश्न रास्त होता. भरणं सोपं असतं. शिळं कधी झालं हे ठरवणं अवघड.

बाबा भंडारा जिल्ह्यातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले. निवृत्तीनंतर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आम्ही वैशाली नगरात घर घेतलं. तिथल्याच वरच्या खोलीतून मी नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं : काही रक्तपेढ्यांचा साठा एकाच पडद्यावर दाखवायचा. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठे आहेत, एवढंच. पण प्रत्येक विचारणेला डेटाबेस सगळ्या नोंदी नव्याने मोजत बसायचा आणि दुपारच्या गर्दीत उत्तराला पाच-सहा सेकंद लागायचे. म्हणून कॅश हवा होता.

आमचं अ‍ॅप तीन यंत्रांवर चालतं. प्रत्येकाने आपापला माठ ठेवला, तर एक म्हणेल चार पिशव्या आहेत, दुसरं म्हणेल दोन. म्हणून तिघांनी मिळून वापरायचा वेगळा साठा लागतो, आणि तोही अनेक यंत्रांवर पसरलेला. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लाइव्हजर्नलसाठी ‘मेमकॅश्ड’ लिहिलं ते अशाच गरजेतून. आम्ही निवडलं ‘रेडिस’. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने ते २००९ साली जगापुढे आणलं. त्याच्या मूळ लांब नावाचा अर्थ साधारण ‘दूरचा शब्दकोश’ असा होतो. शब्द विचारायचा, अर्थ मिळतो. किल्ली द्यायची, साठवलेलं उत्तर मिळतं.

या शब्दकोशाशी अ‍ॅप स्वतः बोलत नाही. मध्ये क्लायंट लायब्ररी असते. तिला पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड द्यायचा. अ‍ॅप सुरू होताना थोड्या जोडण्या करून ठेवायच्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या; दर विचारणेला नवी जोडणी केली तर वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो. रेडिसच्या समूहात सगळ्या किल्ल्या १६,३८४ कप्प्यांत वाटलेल्या असतात आणि ते कप्पे वेगवेगळ्या यंत्रांकडे. चुकीच्या यंत्राला विचारलं तर ते सांगतं, हे इथे नाही, त्या पत्त्यावर जा. आमच्या गल्लीत नव्या माणसाने घर विचारावं तसंच. लायब्ररी तो पत्ता लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी थेट तिथे जाते.

हे सगळं एका दुपारी जोडून झालं. मग उरली एक ओळ : मुदत. साठवलेलं उत्तर किती सेकंदांनी आपोआप पुसायचं?

“ताई, दहा मिनिटं ठेवू या ना,” माझा नागपूरचा सहकारी म्हणाला. “डेटाबेसवरचा भार एकदम उतरेल.”

बातम्यांच्या पानाला दहा मिनिटं चालली असती. इथे पडद्यावर ‘ओ निगेटिव्ह : २’ वाचून कोणी बालोदहून मोटारसायकल काढणार होतं. त्या दहा मिनिटांत दोन्ही पिशव्या गेलेल्या असू शकतात.

हा पेच सर्वांत लवकर कळला तो रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांना. त्यांचं सगळं कामच मुदतीवर चालतं. लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्रत्येक पिशवीवर तारीख असते आणि ती उलटली की पिशवी कितीही बरी दिसो, बाद. त्यांनी विचारलं, “आमच्या पिशवीवर तारीख असते. तुमच्या आकड्यावर का नसते?”

मग आम्ही मुदत पिशव्यांच्या हिशेबाने ठरवली. एका मिनिटात चाळीस पिशव्या संपत नाहीत. दोन संपू शकतात. म्हणून मोठे आकडे एक मिनिट कॅशमध्ये राहतात आणि पाच किंवा त्याहून कमी पिशव्या असतील तर आकडा साठवतच नाही, दर वेळी डेटाबेसला विचारतो. पिशवी दिली गेली की ती नोंद होताच त्या गटाची किल्ली पुसली जाते. पुसण्याचा निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून मुदत तरीही ठेवली. आणि कॅशच बंद पडला तर? लायब्ररीने २०० मिलिसेकंद वाट पाहायची आणि मुकाट विहिरीवर जायचं. उत्तर उशिरा येईल, पण खरं येईल.

सहकाऱ्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. छोट्या आकड्यांची प्रत्येक विचारणा आजही डेटाबेसवर जाते आणि गर्दीत ती पानं रेंगाळतात. हा उशीर आम्ही जाणून घेतला आहे. ज्याला दोनच पिशव्यांचा आधार आहे त्याने चार सेकंद थांबावं, पण तासभर गाडी चालवून रिकाम्या हाताने परतू नये.

तंत्रज्ञांच्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये एका ओळीत मावलं. आता प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात वेळ येते : मोजणी ४ वाजून १२ मिनिटे. तिच्याशेजारी रक्तपेढीचा फोन नंबर असतो. निघण्याआधी लोक तो लावतात.