दाखला काढण्याआधी

हुशार मूल शाळेला कंटाळले की आमच्याकडे घरात पहिल्यांदा लातूरचे नाव निघते. सोलापुरात किशोरवयीन मुलांचे समुपदेशन करताना हे मी सतत ऐकते. आठवी-नववीतच फाउंडेशन बॅच गाठायची, अकरावीला एखाद्या आडगावच्या कॉलेजात नावापुरता प्रवेश घ्यायचा आणि दिवसभर क्लास करायचा, असा बेत घरी पक्का झालेला असतो. ‘‘मॅडम, दाखला काढावं का?’’ एवढेच विचारायचे बाकी असते. मी उलट विचारते, शाळेतून निघून हे लेकरू जाणार कुठे? क्लासलाच जाणार असेल तर त्याची शाळा सुटत नाही, आधीपेक्षा अरुंद शाळा मिळते. इथे चित्रकला नाही, मैदान नाही, आणि चुकीचा प्रश्न विचारायला सवड तर मुळीच नाही.

पूर्व भागातली एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, आई विड्या वळणारी. नववीत असताना तिने शाळेत जायचे नाही असा हट्ट धरला, म्हणून मामा तिला घेऊन आले. तिची गणिताची वही मी मागच्या पानांपासून पाहिली. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 तिला कुठेतरी भेटला होता. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची आणि येईल त्या उत्तराचे पुन्हा तेच करायचे. काही पायऱ्यांत 6174 येते आणि तिथेच थांबते. पोरीने तीन अंकांचे करून पाहिले, 495 मिळाले. मग पाच अंक घेतले. 53955 वरून 59994 आले आणि 59994 वरून पुन्हा 53955. आपलेच चुकले असे वाटून तिने तीच वजाबाकी पानभर तपासली होती. ‘‘मॅडम, हे थांबतच नाही, गोल फिरायलंय,’’ ती म्हणाली. वर्गात विचारल्यावर ‘हे परीक्षेला नाही’ असे उत्तर मिळाले होते. ती शाळेला कंटाळली असे मामा म्हणत होते. मला दिसले ते असे, की आपल्याला सुचलेल्या प्रश्नावर बोलायला तिला एकही माणूस मिळाला नव्हता.

अशा वेळी पालकांना बुद्ध्यंक हवा असतो. आमच्याकडे बिने-कामत कसोटी अजून चालते. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, म्हणजे सोलापूरसारख्या सीमेवरच्या गावाला ती जवळचीच. तरी घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला मराठी शब्दांचे अर्थ विचारून तिची झेप कळत नाही. मी कसोटी घेते, पण आकड्याइतकाच भरवसा वहीच्या मागच्या पानांवर ठेवते.

शाळा सोडून कुणाचेच भले होत नाही असे मी म्हणणार नाही. मुंबईची मालविका राज जोशी सातवीत दादरच्या शाळेतून बाहेर पडली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि 2016 मध्ये ती अमेरिकेत एमआयटीला गेली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये मात्र तिला वरच्या पातळीचे गणित शिकायला मिळाले. तिच्या मागे पूर्ण वेळ देणारी आई होती, शिकवणारी जाणती माणसे होती. पेपरात बातमी वाचून दाखला काढायला निघालेल्यांनी हे आधी पाहावे.

आमच्या मुलीकडे यातले काहीच नव्हते. उलट तिला आठवीत एनएमएमएसची शिष्यवृत्ती लागली होती, वर्षाला 12,000 रुपये, बारावीपर्यंत. ती मिळते शासकीय किंवा अनुदानित शाळेत नियमित शिकणाऱ्यालाच. दाखला काढला की ती गेली. दहावी बाहेरून देता येते. वयाची 14 वर्षे पूर्ण झाली की राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरता येतो, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. पण विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलगी दिवसभर घरी असली की तिच्या पुढ्यात सूप आणि पाने यायला वेळ लागत नाही. मग कसले गणित? या एका कारणासाठी मी मामांना ठामपणे नाही म्हणाले.

तिच्यासाठी वाट निघाली ती शाळेच्या आवारातच. संस्थेचे कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत होते. मुख्याध्यापकांनी तिला गणिताच्या तासाला अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसू दिले, बाकी विषय नववीतच. गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा आठवीपासून देता येते, तिचा अर्जही तिथल्याच सरांनी भरून घेतला. अकरावीच्या दोन मुलांशी तिची वादावादी सुरू झाली आणि शाळेत न जाण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 पासून अमेरिकेत गणितात पुढे असलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला त्याचाही रोख हाच आहे, की ज्या विषयात मूल पुढे आहे तिथे त्याला पुढे जाऊ द्यावे. त्याने मुलाचे मन मोडते ही भीती खरी ठरलेली नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी वेगळे काम उभे केले, सोलापुरातही तिचे केंद्र आहे. पण प्रत्येक मूल निवडून वेगळ्या शाळेत नेता येणार नाही, आणि न्यावे असेही मला वाटत नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे. ज्यांच्या आवारात पाचवी ते बारावी एकत्र आहे त्यांनी जूनमध्ये वेळापत्रक करताना नववीचा आणि अकरावीचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवावा. त्याला पैसे लागत नाहीत.