यादीतली टिक

२०२५च्या जूनमध्ये ऑफिसातली चौसष्ट मशीन्स जुन्या डोमेनमधून काढून मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीला जोडायचं काम माझ्याकडे आलं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता, म्हणून घाई होती. शुक्रवारी संध्याकाळी बसलो, रविवारी दुपारी शेवटचं मशीन जोडलं. प्रत्येक ठिकाणी जोडणीची स्थिती दाखवणारी कमांड चालवायची, 'अझूर एडी जॉइन्ड : येस' (एन्ट्राचं जुनं नाव अझूर एडी) दिसलं की यादीत टिक.

पुढच्या आठवड्यात अकाउंट्समधल्या ताईंच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढवायला गेलो, तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप सापडत नाही म्हणून अपग्रेड अडलं. पोटात खड्डा पडला. तीच कमांड पुन्हा चालवली आणि या वेळी सगळी वाचली. खाली ओळ होती, 'टीपीएम प्रोटेक्टेड : नो'. मग सगळीकडे तपासलं, तर अशी नऊ मशीन्स निघाली.

जोडणी होताना मशीनची स्वतःची खासगी की तयार होते. टीपीएम असेल तर ती त्या चिपमध्येच जन्मते आणि तिथून बाहेर येत नाही. चिप मिळाली नाही तर विंडोज मुकाट्याने ती की डिस्कवर ठेवतं. मग ज्याच्या हाती त्या मशीनचे अ‍ॅडमिन हक्क लागले, तो की उचलून दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर 'मीच तो कॉम्प्युटर' म्हणू शकतो. लॉगिनचं टोकनही अशाच कीच्या भरवशावर असतं, त्यामुळे ओटीपीसुद्धा त्याला थांबवेलच असं नाही. आणि ताईंच्या मशीनवरून तर सगळ्यांचे पगार जातात.

"दादा, माझं काही जाणार नाही ना? पगाराचं अर्धं झालंय."

"आधी तुमचं सगळं ड्राइव्हवर घेतो, मगच हात लावतो."

बायोसमध्ये इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचा अंगभूत टीपीएम, बंद होतं, ते चालू केलं. मशीन सुरू झालं, पुन्हा कमांड, पुन्हा 'नो'. चुकलं कुठे हे कळायला थोडा वेळ लागला. की जोडणीच्या वेळी बनते. चिप नंतर जागी केली म्हणून जुनी की आपणहून आत जात नाही. म्हणजे मशीन एन्ट्रामधून बाहेर काढून नव्याने जोडणं आलं. तेही लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड आधी टाकून बघितल्यावरच, नाहीतर बाहेर पडलेल्या मशीनमध्ये आपल्यालाच शिरता येत नाही.

तासाभराने 'येस' आलं. ताईंनी नवा पिन टाकला, पगाराची शीट उघडली, आकडे पडताळले आणि मान हलवली. एन्ट्राच्या डिरेक्टरीतली त्या मशीनची जुनी नोंद मी तेव्हाच काढून टाकली.

आठ मशीन्स अशी मार्गी लागली. नवव्याच्या मदरबोर्डवर टीपीएमची सोयच नाही. त्याची जोडणी मी काढून टाकली आहे आणि नव्या मशीनची मागणी साहेबांच्या टेबलावर आहे. ते येईपर्यंत त्या जागेवरून बँकेचं काम करू द्यायला माझा नकार आहे, आणि तो मी लेखी दिला आहे.