दिसते तसे नसते

सूर्योदयास अजून थोडा अवकाश आहे. खेड्यातील चुली नुकत्याच पेटू लागल्या आहेत. अशा वेळी एका गोठ्याच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहतो. त्याच्या एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात काचेची नळी आहे. काचेच्या नळीला मागे रबरी नळी जोडलेली असून तिचे टोक त्याने तोंडात धरले आहे. डास तोंडात जाऊ नये म्हणून दोन्ही नळ्यांच्या सांध्यात जाळीदार कापडाचा तुकडा बसविलेला आहे.

तो वाकून आत शिरतो. गाय संशयाने मान वळवून त्याच्याकडे पाहते. विजेरीचा झोत कुडावरून, वाशांवरून, गव्हाणीमागच्या कोपऱ्यावरून सावकाश फिरतो. रात्री पोटभर रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी तेथे निमूट बसलेली असते. नळीचे तोंड तिच्यावर ठेवून तो हलकेच श्वास आत ओढतो. मादी नळीत येते.

घरधनी हा प्रकार कुतूहलाने पाहत असतो. न राहवून तो विचारतो, “साहेब, डास मारायचे सोडून ते नळीत कशाला भरता?”

“मारायचेच आहेत, काका,” तो माणूस हसून म्हणतो, “पण यांतला चोर कोण आणि साव कोण, हे आधी कळू तर द्या!”

डासांतही चोर आणि साव असतात, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. परंतु या साध्या उत्तरामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू वाढत असलेले दिसले. पुढच्याच वर्षी इटलीतील ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, माणसाचा हिवताप अ‍ॅनॉफेलिस नावाच्या डासांमुळे पसरतो. रोगाचे मूळ सापडले. आता डास तेथे हिवताप आणि डास नाही तेथे आरोग्य, असा सरळ हिशेब मांडता येईल, असे सर्वांस वाटले.

पण निसर्गाचा हिशेब इतका सरळ नसतो. युरोपातील काही गावांत त्या डासांचे थवेच्या थवे असत, तरी तेथे हिवताप नसे. आणि काही गावांत अगदी तसलेच डास असून घरोघरी माणसे थंडीतापाने कुडकुडत पडलेली असत. भिंग लावून पाहावे, तरी दोन्ही गावांचे डास तंतोतंत सारखे! या कोड्याने विद्वानांस वर्षानुवर्षे सतावले.

कोड्याची एक मोठी गाठ सोडविली ती दोमेनिको फाल्लेरोनी या इटलीच्या आरोग्य खात्यातील निवृत्त निरीक्षकाने. डास पाळून त्यांचे निरीक्षण करण्याचा या गृहस्थांना छंद होता. डासांची अंडी त्यांनी बारकाईने पाहिली. सर्व अंडी सारखी नव्हती. काहींवर गडद आडवे पट्टे होते, तर काहींवर नुसते ठिपके. विशेष म्हणजे, एक मादी नेहमी एकाच प्रकारची अंडी घाली. फाल्लेरोनी यांनी १९२६ साली हा शोध प्रसिद्ध केला. पुढे हॅकेट, मिसिरोली आणि मार्टिनी या संशोधकांनी ठिकठिकाणच्या डासांची अंडी तपासली, तेव्हा सारा उलगडा झाला. ज्याला सारे जग एकच डास समजत होते, त्यात कितीतरी निरनिराळे डास दडलेले होते. त्यांपैकी काहींना माणसाचे रक्त चाले, तर काही गाईगुरांच्या रक्तावरच संतुष्ट असत. रूप एक, पण स्वभाव मात्र भिन्न!

भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरविण्यात ज्या डासाचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्याचे नाव अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीस. ओढे, कालवे, विहिरी, भातखाचरे अशा ठिकाणी तो वाढतो आणि दिवसा गोठ्यांत व घरांत विसावतो. त्याचीही कथा अशीच निघाली. १९८० साली ग्रीन आणि माइल्स या शास्त्रज्ञांनी दाखविले की, या एकाच नावाखाली किमान दोन जाती नांदत आहेत. या वेळी अंड्यांवरून नव्हे, तर पेशींतील गुणसूत्रांवरून हा भेद कळला.

डासाच्या मादीच्या पोटात अंडी तयार होत असताना तेथील काही पेशींतील गुणसूत्रे चांगली जाड झालेली असतात. सूक्ष्मदर्शकातून ती काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळेसारखी पट्टेदार दिसतात. समजा, एखाद्या माळेतील काही मणी सोडून उलट क्रमाने पुन्हा ओवले, तर माळ तितकीच राहील. पण तिचा क्रम बदलेल. तसाच क्रमाचा फरक या डासांत दिसला. दोन्ही डास एकाच गोठ्यात राहत असूनही मिश्र माळेची संतती मात्र आढळेना. याचा अर्थ उघड होता. ते शेजारी होते, पण त्यांच्यात सोयरीक नव्हती! त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे मिळाली.

पुढे दिल्लीच्या हिवताप संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून हे काम वाढविले. ‘क’ आणि ‘ड’ या आणखी दोन जाती उजेडात आल्या. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ‘ब’ आणि ‘क’ एकत्र आढळतात. हिवताप पसरविण्यात ‘अ’ पटाईत. ‘ब’च्या शरीरात मात्र जंतूंची वाढ क्वचितच पुरी होते. उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडील ज्या भागात ‘ब’चेच प्राबल्य होते, तेथे हिवतापही थोडा होता. चोर आणि साव यांची ओळख पटली, असे वाटले.

इतक्यात रामेश्वरम बेटावरून विपरीत वार्ता आली. तेथील ‘ब’ डास हिवताप पसरवीत होते! एखाद्याने हा अपवाद म्हणून सोडून दिला असता. संशोधकांनी तसे केले नाही. त्यांनी एकेका मादीची अंडी वेगवेगळी ठेवली, पिल्ले वाढविली आणि त्यांतील नरांची गुणसूत्रे तपासली. काही माद्यांच्या नर संततीत एका गुणसूत्राचा आकारच निराळा निघाला. माळा सारख्या असूनही ही पाचवी जात होती. १९९९ साली तिला ‘इ’ असे नाव मिळाले. बिचाऱ्या ‘ब’वर दुसऱ्याच्या अपराधाचा आळ आला होता!

इतक्या बारकाव्याने काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. १९५३ साली भारतात हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. घराघरांतून डीडीटी फवारले गेले. १९६५ साली वर्षाकाठी आढळणाऱ्या रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. पण रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि १९७६ साली रोगी ६४ लाखांवर गेले. याची कारणे अनेक होती. डासांना औषध पचू लागले, हे त्यांतील एक. परंतु सर्व जातींना ते सारखेच पचत नाही. ‘अ’पेक्षा ‘ब’ डास डीडीटीला लवकर दाद देईनासा होतो. दोहोंना एकत्र धरून तपासणी केली आणि त्यांत ‘ब’च अधिक असले, तर औषध निरुपयोगी झाले, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. उलट, जेथे चोर नाही तेथे पहारा ठेवला, तर जेथे तो खरोखर आहे तेथे पैसा व माणसे अपुरी पडतात. आणि त्या चुकीची किंमत तापाने फणफणलेल्या एखाद्या बालकाला मोजावी लागते.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते,’ असे जुनी माणसे सांगत आली. शास्त्रज्ञही निराळे काय करतो? तो डोळ्यांना दिसेल त्यावर संतुष्ट न राहता पुन्हा एकदा पाहतो. आणि आपलाच नियम चुकीचा ठरू लागला, तर तो नियमही तपासून पाहतो.

गोठ्यात आता उजाडले आहे. नळीतील डास कागदी पेल्यात सोडून त्याच्या तोंडावर जाळीचे कापड बांधले गेले आहे. पेल्यावर गावाचे नाव, दिनांक आणि गोठ्याची नोंद पडते. घरधनी चहाचा कप पुढे करतो. “मग, काका, उद्या शेजारच्या वाडीत,” असे म्हणून तो माणूस चहा घेतो, पेले जपून पेटीत ठेवतो आणि वाटेला लागतो.