दोनशे अडतीसच्या पुढे मोजा!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. 'ज्युरासिक पार्क' या सिनेमातला सर्वांत भीतिदायक प्रसंग कोणता? थांबा, तुमचं उत्तर मीच ओळखतो. निम्मे जण म्हणतील, भर पावसात कुंपण तोडून तो भलामोठा टी. रेक्स बाहेर येतो तो. उरलेले म्हणतील, स्वयंपाकघरात ती दोन मुलं लपून बसलेली असतात आणि रॅप्टर नखं टकटक वाजवत त्यांना शोधत असतात तो. दोन्ही उत्तरांना पैकीच्या पैकी मार्क! पण मला विचाराल, तर या गोष्टीतला सर्वांत भीतिदायक प्रसंग सिनेमात नाहीच. तो आहे पुस्तकात. त्यात ना दात आहेत, ना नखं, ना डरकाळी. काही माणसं कॉम्प्युटरसमोर बसून डायनासोर मोजताहेत, एवढंच.

यात घाबरण्यासारखं काय, असं म्हणालात ना? सांगतो. पण आधी थोडं सिनेमाबद्दल बोलू द्या, कारण मी या सिनेमाचा पक्का भक्त आहे. आजवर किती वेळा पाहिला, हे कृपया माझ्या घरच्यांसमोर विचारू नका!

मूळ कादंबरी मायकेल क्रायटन यांची. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. क्रायटन वैद्यकशास्त्र शिकलेले होते, त्यामुळे विज्ञानातली एखादी खरी गोष्ट घ्यायची आणि तिला कल्पनेचं शेपूट जोडायचं, ही त्यांची खासियत. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी या कादंबरीवर काढलेला सिनेमा १९९३ मध्ये आला. पुढच्याच वर्षी तो हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला. अमेरिकन शास्त्रज्ञांच्या तोंडी हिंदी ऐकताना गंमत वाटायची खरी, पण डरकाळीला कुठलं भाषांतर लागतं?

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. नसेल, तर थोडक्यात सांगतो. झाडातून पाझरलेली राळ कोट्यवधी वर्षांत दगडासारखी घट्ट होते. तिला अंबर म्हणतात. अशा अंबरात एक डास अडकलेला असतो आणि त्याच्या पोटात डायनासोरचं रक्त. त्या रक्तातून डीएनए काढायचा, तुटलेल्या जागी बेडकाचा डीएनए जोडायचा आणि डायनासोर जन्माला घालायचे! जॉन हॅमंड नावाचा श्रीमंत म्हातारा कोस्टा रिकाजवळच्या एका काल्पनिक बेटावर असं प्राणिसंग्रहालय उभारतो. ते उघडण्याआधी काही पाहुण्यांना आणि आपल्या दोन नातवंडांना तिथे बोलावतो. मग वादळ येतं, एक लोभी कॉम्प्युटरवाला वीज बंद पाडतो आणि कुंपणं नुसत्या तारा होऊन उरतात.

आता गंमत ऐका. सिनेमा दोन तासांहून थोडा मोठा आहे. त्यात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधराएक मिनिटं! विश्वास बसत नाही ना? टी. रेक्स तर सुमारे तासाभरानं येतो. त्याआधी काय दिसतं? पेल्यातलं पाणी. धप्प... धप्प... आणि पाण्यावर गोल गोल तरंग. ते तरंग उठवायला त्या लोकांनी काय केलं असेल? गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधली आणि ती छेडली! एवढ्याशा तारेनं जगभरच्या थिएटरांतल्या माणसांना खुर्चीला घट्ट धरून बसवलं. टी. रेक्सच्या आवाजात हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा एक प्राणी यांचे आवाज मिसळलेले आहेत. खुद्द टी. रेक्सचं अजस्र यंत्र बनवलं होतं, पण पावसाच्या प्रसंगात त्याची रबरी कातडी पाणी प्यायची आणि स्वारी थंडी वाजल्यासारखी थडथडायला लागायची. मग टॉवेल घेऊन त्याला पुसत बसावं लागे!

काही डायनासोर मात्र कॉम्प्युटरवर बनवले. तसे हलते-फिरते, खरेखुरे वाटणारे प्राणी त्याआधी पडद्यावर कोणी पाहिलेच नव्हते. फिल टिपेट नावाचे एक कलाकार छोट्या बाहुल्या इंच इंच हलवून डायनासोर चालवणार होते. कॉम्प्युटरची करामत पाहिल्यावर त्यांना वाटलं, आता आपलीच जात नामशेष झाली. पण स्पिलबर्गनी त्यांना सोडलं नाही. जनावर वळतं कसं, वजन कुठल्या पायावर टाकतं, हे कॉम्प्युटरवाल्यांना शिकवायला टिपेटच लागले. यंत्र आलं तरी प्राण्यांकडे वर्षानुवर्षं नीट पाहिलेला माणूस लागतोच, बरं का.

आता त्या पुस्तकातल्या प्रसंगाकडे येऊ. बेटावरच्या प्राण्यांची कॉम्प्युटर सतत मोजणी करत असतो. यादीप्रमाणे प्राणी असायला हवेत २३८. कॉम्प्युटर मोजतो, २३८ भरतात. सगळे खूश. सगळे प्राणी माद्या असल्यामुळे त्यांना पिल्लं होणारच नाहीत, हीही खात्री. पण पाहुण्यांमधला माल्कम नावाचा गणितज्ञ म्हणतो, जरा कॉम्प्युटरला २३९ शोधायला सांगा. सांगतात. २३९ सापडतात! मग म्हणतो, ३०० शोधा. तेव्हा कॉम्प्युटर थांबतो २९२ वर. म्हणजे ५४ प्राणी जास्त! रॅप्टर आठ असायला हवे होते, ते निघतात सदतीस.

मग आधी ते दिसले का नाहीत? कॉम्प्युटर बिघडला होता? छे! त्याला सांगितलं तेच त्यानं इमानेइतबारे केलं. एखादा प्राणी मेला किंवा पळाला तर कळावं, म्हणून मोजणी होती. २३८ सापडले की तो थांबायचा. प्राणी वाढतील, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काही बेडकांमध्ये मादीचा नर होऊ शकतो, आणि जोडलेला डीएनए तर बेडकाचाच होता.

आपल्या शाळेची सहल आठवा. परत निघताना बाई बसमध्ये डोकी मोजतात. ४० मुलं आणलेली, ४० भरली, चला रे! समजा, बाई चाळीसवर थांबल्या आणि मागच्या सीटवर दुसऱ्याच शाळेचा एक मुलगा डुलकी काढतोय. वर त्याला मोजताना आपलाच एक जण बाहेर भेळ खात राहिलाय! आकडा बरोबर आणि बस चुकीची. म्हणून मला टी. रेक्सपेक्षा तो २३८ चा आकडा जास्त भिववतो. टी. रेक्स निदान समोरून तरी येतो.

सिनेमात हा मोजणीचा प्रसंग नाही. तिथे डॉ. ग्रँटना जंगलात फुटलेली अंडी सापडतात आणि पाहणाऱ्याला एका क्षणात सगळं कळतं. सिनेमासाठी ते योग्यच, कारण आकडे पडद्यावर डरकाळी फोडत नाहीत. पण सिनेमा पाहून झाल्यावर पुस्तकही वाचावं, असं मी म्हणतो ते याचसाठी. भीती दाखवावी सिनेमानं आणि ती आली कुठून हे सांगावं पुस्तकानं.

एका बाबतीत मात्र मी सिनेमाच्या बाजूचा. पुस्तकातला हॅमंड पैशांच्या मागे लागलेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस आहे, आणि शेवटी छोटे छोटे डायनासोरच त्याचा जीव घेतात. सिनेमातला हॅमंड प्रेमळ आजोबा आहे. हे काम केलंय रिचर्ड ॲटनबरो यांनी. नाव ओळखीचं वाटलं का? आई-बाबांना विचारा. १९८२ चा 'गांधी' हा सिनेमा दिग्दर्शित करणारे तेच हे! त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये 'गांधी'नं स्पिलबर्ग यांच्या 'ई. टी.'ला मागे टाकलं होतं, आणि पुढे त्याच स्पिलबर्गनी त्यांना हॅमंड केलं. पुस्तकातल्या हॅमंडचा राग करणं सोपं आहे. दुष्ट होता, फळ भोगलं, संपलं. पण सिनेमातल्या आजोबांना मुलांचे चेहरे फुललेले पाहायचे होते. हेतू चांगला होता, पैसा मुबलक होता, आणि तरीही त्यांची स्वतःची नातवंडं त्या कुंपणाच्या आत अडकली. माणूस चांगला आहे म्हणून त्याची मोजणी बरोबर असतेच असं नाही. हे पाहताना मला जास्त त्रास होतो, आणि म्हणूनच हा बदल मला आवडतो.

परवा माझा भाचा माझ्याबरोबर हा सिनेमा पाहत होता. पाचवीत आहे. रॅप्टर आले तसा म्हणाला, "मामा, यांची पिसं कुठायत?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण त्याचं बरोबर आहे. सिनेमा आला १९९३ मध्ये. चीनमध्ये पिसांसारखं आवरण असलेल्या डायनासोरचा जीवाश्म प्रकाशात आला १९९६ मध्ये. आणि व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं जिथे रुततात त्या खुणा शास्त्रज्ञांनी दाखवल्या २००७ मध्ये. शिवाय खरा व्हेलॉसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढा होता, सिनेमातल्यासारखा माणसाएवढा नव्हे. तुम्ही हललात नाहीत तर टी. रेक्सला दिसत नाही, हेही विसरा. त्याची नजर चांगलीच तीक्ष्ण असणार. आणि नावात 'ज्युरासिक' असलं तरी टी. रेक्स, रॅप्टर, ट्रायसेराटॉप्स हे सगळे नंतरच्या क्रिटेशस काळातले!

मुख्य म्हणजे डीएनए इतका टिकतच नाही. मोआ या नामशेष झालेल्या पक्ष्याच्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला. त्या हाडांत डीएनएचे दुवे दर ५२१ वर्षांनी निम्मे तुटत होते. ग्रीनलंडच्या थंडगार मातीतून मिळालेला सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो सर्वांत जुना ठरला. डायनासोर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. तेव्हा निर्धास्त झोपा!

काही जण म्हणतात, "एवढ्या चुका असतील तर सिनेमा कशाला पाहायचा?" मला हे मुळीच पटत नाही. चुका दाखवता येतात, कारण शास्त्रज्ञ मोजायचे थांबले नाहीत. बेटावरचे लोक २३८ वर थांबले. विज्ञान म्हणतं, अजून एक शोधून बघू. हा सिनेमा पाहताना पिसं कुठायत असं पाचवीतला मुलगा विचारतो, तेव्हा तो माल्कमचंच काम करत असतो.

आणि ही मोजणी फक्त परदेशात चालते असं समजू नका. आपल्या देशात जबलपूरला १८२८ मध्ये डायनासोरची हाडं सापडली होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं तर मिळालीच, पण दगड झालेली विष्ठासुद्धा मिळाली. हसू नका, ते काय खायचे हे तिच्यावरूनच तर कळतं! मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात शास्त्रज्ञांना अवाढव्य शाकाहारी डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. ही बातमी आली २०२३ मध्ये. आणि गडावर चढताना तुमच्या पायाखाली असतो ना, तो सह्याद्रीचा काळा दगड? तो लाव्हा वाहिला तेव्हा डायनासोरांचे शेवटचे दिवस चालू होते.

आई-बाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. सिनेमा मुलांबरोबर बसून पाहा, अगदी लहानांना टी. रेक्सच्या वेळी कुशीत घ्या. पुस्तक मात्र जास्त रक्तरंजित आहे. ते आधी स्वतः वाचा आणि मग आठवी-नववीतल्या मुलांच्या हाती द्या.

आणि दोस्तांनो, सिनेमा पाहताना शेजारी एक वही ठेवा. विज्ञानाच्या चुका लिहून काढा. माझ्या भाच्याच्या यादीत सात झाल्यात. तुमच्या सात भरल्या की थांबू नका, आठवी शोधा.